धनेश धूसर, हँगर स्पष्ट

निवृत्त झाल्यावर काही माणसं देवाला लागतात, काही शेअर बाजाराला. मी पक्ष्यांना लागलो. त्याआधी उभं आयुष्य मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नट, बोल्ट आणि बेअरिंगं सांभाळली होती, आणि त्यातलं एकही कधी उडून गेलं नव्हतं. त्यामुळे हलणाऱ्या मालाचा मला काडीचा अनुभव नव्हता. पण निरोप समारंभ झाला आणि पुढच्याच आठवड्यात मुलाने कॅमेरा आणून हातात ठेवला. "बाबा, आता दिवसभर घरात बसून आईच्या मागे मागे फिरू नका," तो म्हणाला. स्वयंपाकघरात त्याच्या आईने मान डोलावलेली मला हॉलमधून दिसली.

लेन्स मात्र मी स्वतः निवडली. दुकानातल्या मुलीने विचारलं, "वाइल्डलाइफ करणार का, सर?" तिच्या आवाजात मी ते करू शकेन असा विश्वास होता. इतका विश्वास माझ्यावर पूर्वी कोणी दाखवल्याचं आठवत नाही, म्हणून मी दुकानातली सगळ्यात लांब लेन्स घेतली. ती चांगल्या पोसलेल्या दुधी भोपळ्याएवढी होती. घरी आणून टेबलावर ठेवली तेव्हा बायको बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"अजी, याच्यातून वर्ध्याचं घर दिसते का?" तिने विचारलं.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. पुण्यात येऊन आता उमर गेली, तरी चेष्टा करायची असली की बायकोची भाषा गावाकडे परतते. या छंदाच्या काळात ती जवळजवळ कायमची तिकडेच राहायला गेली.

सुरुवातीला मी रीतसर शिकायचं ठरवलं आणि पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरलो. सगळी आयटीतली तरुण मंडळी. रविवारी पहाटे निघायचं, सिंहगडाच्या पायथ्याशी दरीत एका पाणवठ्याजवळ बसायचं आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. जंगलात मिसळून जाता यावं म्हणून मी पोपटी रंगाचा नवा शर्ट घालून गेलो. ग्रुपच्या प्रमुखाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काका, शर्ट थोडा... लाउड नाही ना?" तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, पोपट हिरवाच असतो. त्यावर तो काही बोलला नाही. पुण्यात गप्प बसणं हे बहुतेक वेळा उत्तरच असतं, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी स्वर्गीय नर्तक आला. पांढराशुभ्र, लांब रिबिनीसारख्या शेपटीचा. सगळ्यांचे कॅमेरे टकटक वाजले. माझ्या फोटोत शेपटी आली, पक्षी आला नाही. दुसऱ्या खेपेला नवरंग येणार होता. तो जमिनीवर पाचोळा चिवडत येतो, लाजाळू असतो, अशी बरीच माहिती मला कुजबुजत देण्यात आली. तो आलासुद्धा. त्याने झुडपातून मान बाहेर काढली आणि नेमकी तेव्हाच माझ्या खिशातून गणपतीची आरती सुरू झाली. बायकोचा फोन होता. येताना कोथिंबीर आणा, एवढंच तिला सांगायचं होतं. नवरंग गेला. ग्रुपमधल्या एका मुलीने डोळे मिटून घेतले. मी फोन बंद करायच्या गडबडीत तो स्पीकरवर टाकला, आणि त्या दरीत बायकोचा आवाज घुमला, "आणि जुडी पाहून घ्या जी, मागच्या वेळी पिवळी आणली होती!"

त्यानंतर ग्रुपवर सहलींचे निरोप येणं बंद झालं. उन्हाळ्यामुळे सगळे थंडावले असतील असं मी समजत होतो. पुढे मुलाकडून कळलं की त्यांनी दुसरा ग्रुप केला होता.

मग मी ठरवलं, आपण जंगलात जायचं नाही. जंगलाला यायचं असेल तर त्याने आमच्या बिबवेवाडीला यावं.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. मागच्या गॅलरीसमोर दुसऱ्या सोसायटीची इमारत आणि मधल्या भिंतीला लागून एक जुनं उंबराचं झाड. दोन्ही सोसायट्या ते झाड आपलं नाही असं सांगतात, कारण त्याची फळं दोन्हीकडच्या गाड्यांवर पडतात. मार्च संपता संपता त्या झाडावर उंबरं पिकली, आणि एका सकाळी घारीसारखी किंचाळी ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर राखी धनेश. मोठा, राखाडी, वाकड्या जाडजूड चोचीचा. ती चोच बघून वाटावं की घाईत दुसऱ्याचीच लावून आला आहे. शेजारी त्याची मादी. दोघं शांतपणे उंबरं खात होती, जणू नाश्त्याला बोलावलं होतं.

मी ट्रायपॉड लावला, लेन्स चढवली, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी चहाचा कप कठड्यावर ठेवून मी तिथे ठाण मांडलं. धनेशही नियमाने येऊ लागले. म्हणजे जंगलाने माझी अट पाळली होती. अडचण कॅमेऱ्याची होती.

कॅमेऱ्याने नजर कशावर रोखायची, हे हल्ली कॅमेराच ठरवतो. तसं ठरवू न देण्याची सोय त्यात आहे म्हणतात. ते बटण मला अजून सापडलेलं नाही. धनेश राखाडी, फांदी राखाडी, पानांची सावली राखाडी. आणि या सगळ्याच्या बरोबर मागे समोरच्या इमारतीतली एक गॅलरी, तिच्यात कपडे वाळत घालायची दोरी आणि दोरीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टॉवेल. कॅमेऱ्याने टॉवेल निवडला. दुसऱ्या दिवशी टॉवेल नव्हता तर उशीचे अभ्रे निवडले. एखादा तरी चांगला यावा म्हणून मी बटण दाबून धरत असे, मग कॅमेरा धडाधड सलग फोटो काढत सुटे. संध्याकाळी ते सगळे कॉम्प्युटरवर बघायचे. पुढे एक धुरकट ढग, मागे एकेक धागा मोजता यावा इतकी स्पष्ट दोरी.

बायको पाठीमागे उभी राहून बघत असे.

"टॉवेल छान आला," ती म्हणाली.

"पुढे धनेश आहे."

"असेल. कोणाच्या घरचे कपडे आहेत जी हे?"

"मला काय माहीत?"

"रोज पाहून राहिले आणि माहीत नाही?" जाता जाता ती म्हणाली, "लोक काही म्हणतील, मग मला सांगू नका."

लोक आलेच. एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात मिटलेली छत्री. त्यांनी नमस्कार केला तोसुद्धा हजेरी घेतल्यासारखा.

"मी समोरच्या सोसायटीत राहते," त्या बायकोला म्हणाल्या. "या घरातले एक गृहस्थ रोज सकाळी आमच्या गॅलरीवर तोफ रोखून बसतात. ते घरी आहेत का?"

"आहेत न्," बायको म्हणाली, आणि इतक्या तत्परतेने बाजूला झाली की मी हॉलमध्ये लुंगीवर उघडा पडलो.

मी घाईघाईने उठलो. "अहो, गैरसमज होतोय. मी धनेशाचे फोटो काढतो."

"कोण धनेश? या नावाचं आमच्या सोसायटीत कोणी नाही."

"पक्षी आहे तो."

"असं? दाखवा."

त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या. निम्मं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं आणि सोसायटीत सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, एवढी ओळख त्यांनी बसता बसता करून दिली. मी पहिला फोटो उघडला. टॉवेल. दुसरा उघडला.

"हा माझा परकर आहे," बाई म्हणाल्या.

"हो. म्हणजे, तो मागे आहे. पुढे धनेश आहे."

"कुठे?"

"हे राखाडी."

"हे राखाडी मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी सगळीकडेच दिसायचं."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. बायकोला हसू आवरायचं असलं की ती भांडं आपटते. मी घामाघूम होऊन एकामागून एक फोटो उघडत राहिलो, एखाद्यात तरी धनेशाची चोच निघेल या आशेने. प्रत्येक फोटोत माझ्याविरुद्धचा पुरावा भक्कम होत होता. परकर, अभ्रे, पुन्हा परकर. शेवटी बाईंनी हात वर केला.

"पुरे. मुलांची गणितं तपासताना मी उत्तर चुकलं तरी रीत बघायचे. तुमची रीत बरोबर दिसते. पक्षी बघायलाच बसला होता तुम्ही. उत्तर मात्र परकर आलंय."

आयुष्यात इतक्या कमी गुणांनी पास झाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, तशा बाई एकदम म्हणाल्या, "थांबा. मागे घ्या."

मी एक फोटो मागे घेतला.

"अजून एक. हं. इथे मोठं करता येतं का?"

त्यांचं बोट फोटोच्या डाव्या कोपऱ्यात होतं, दोरीच्या टोकाशी. तिथे एक कावळा बसला होता. तो आधीही असणार, पण मी धनेशाचा फोटोग्राफर. कावळ्याकडे कशाला बघतोय? आता बघितलं. दोरीला लाँड्रीतून येतात तसे बारीक तारेचे हँगर अडकवले होते आणि कावळ्याने त्यातल्या एका रिकाम्या हँगरचा आकडा चोचीत धरला होता. पुढच्या फोटोत त्याने तो वर उचलला होता. त्याच्या पुढच्यात हँगर दोरीवरून सुटला होता. आणि शेवटच्यात कावळा पंख पसरून, चोचीत अख्खा हँगर लोंबकळत, गॅलरीच्या कठड्यावरून निघाला होता. सगळं कसं स्वच्छ. कावळ्याचं एकेक पीस मोजावं. पुढे धनेशाचा ढग.

बायकोने चहा आणून ठेवला, त्याला बाईंनी हात लावला नाही.

"दोन वर्षं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गॅलरीतून हँगर नाहीसे होत होते. एखाद-दुसरा नव्हे, दर उन्हाळ्यात बरेच. गॅलरी पहिल्या मजल्यावरची नाही, पाय ठेवून चढायला जाळी नाही, कोणी आत शिरणं शक्य नाही. त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक ताई ब्लाउज शिवतात. शिवून झालेले ब्लाउज अगदी तसल्याच तारेच्या हँगरवर लटकवतात.

"हँगर जातात उन्हाळ्यात," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात लग्नसराई. लग्नसराईत तिच्याकडे कामाची गर्दी. म्हणजे हँगर लागणार तेव्हाच. वरून आकड्याची काठी सोडली की काम झालं. मी सगळं मांडून उत्तर काढलं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाले, मी कोणाचं नाव घेत नाही, पण वरच्या मजल्यावर शिवणकाम चालतं."

"मग?" बायकोने विचारलं. ती आता स्टुलावर बसली होती.

"मग काय? नाव न घेता सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही नाही." त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "रीत बरोबर होती हो. कावळा धरायचा राहून गेला."

त्यांना आता पक्का पुरावा हवा होता. कावळ्याने हँगर नेला, पण कुठे? मी पक्षीतज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, कावळे घरटं उंचावर करतात, त्यामुळे शोधणं अवघड आहे, आसपासचा परिसर पिंजून काढावा लागेल.

"गेटजवळच्या गुलमोहरावर आहे न्," बायको म्हणाली. "रोज स्कूटर घाण होऊन राहिली तुमची, कशाने होते वाटलं?"

आम्ही तिघं खाली उतरलो. मी रोज ज्या झाडाखाली स्कूटर लावतो आणि रोज जिची सीट पुसताना समस्त कावळेजातीला शिव्या देतो, त्याच गुलमोहराच्या बेचक्यात ते घरटं होतं. काटक्या जेमतेम होत्या. बाकी सगळ्या तारा. उन्हात चमकत होत्या. त्यात वायरचे तुकडे होते, एक चिमटा होता, आणि एका बाजूला निळं प्लास्टिक चढवलेला हँगर अर्धा बाहेर आला होता.

"तो निळा माझा," बाई म्हणाल्या. "हरवला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते नीट. हँगरसाठी नाही. रागाने."

मी फोटो काढायला कॅमेरा वर केला आणि मागून माझ्या टकलावर सणसणीत टोला बसला. कावळीण. घरट्यात पिल्लं होती आणि तिला माझा हेतू शुद्ध वाटला नाही. मी ओरडलो. बाईंनी ताबडतोब छत्री उघडली, स्वतःच्या डोक्यावर. कावळीण दुसऱ्यांदा आली तेव्हा बायको माझ्या स्कूटरच्या आडोशाला होती आणि तिथून मला सल्ला देत होती, "खाली वाका जी, ती उंचीवर येऊन राहिली!" तरीही मी फोटो काढला. तो उत्तम आला. त्या फोटोत धनेश नव्हता म्हणून असेल.

"आता माझ्याबरोबर वर चला," बाई मला म्हणाल्या.

"मी कशाला?"

"मी एकटी गेले तर ती दार लावून घेईल. तुम्हाला ती ओळखत नाही. ओळख होईपर्यंत तरी दार उघडं राहील."

त्यांच्या सोसायटीचा जिना चढताना बाई प्रत्येक मजल्यावर थांबल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. वरच्या दारामागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. बेल वाजवल्यावर तो थांबला. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका ताईंनी. गळ्यात मोजपट्टी. बाईंना बघताच त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मी चुकले, असं सांगायला आले आहे," बाई म्हणाल्या. "हँगर कावळा नेत होता. हे बघा. या गृहस्थांनी फोटो काढलाय. त्यांना काढायचा नव्हता, पण काढलाय."

मी कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा पुढे धरला. ताईंनी तो हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि एकेक फोटो बघितला. मी खूण करून सांगायला गेलो की पुढे तो राखी धनेश आहे, तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सातवीत गेलो.

"म्हणजे कावळा," ताई म्हणाल्या.

"हो."

"बाई, आत या. एक दाखवते."

पुढच्याच खोलीत त्यांचं काम चालायचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक दांडी आणि तिच्यावर शिवून झालेले ब्लाउज ओळीने लटकत होते. मोरपंखी, जांभळे, जरीकाठाचे. प्रत्येक हँगरच्या मानेला लाल दोरा बांधलेला.

"तुम्ही मीटिंगमध्ये बोललात त्या संध्याकाळी बसून सगळ्यांना बांधला. उद्या कोणी म्हणालं तर दाखवता यावं, की माझे हे आहेत. गिऱ्हाईकं विचारतात, हा दोरा कसला? मी सांगते, नवस आहे. आपल्याच बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी तेव्हापासून ब्लाउज टाकायला चौकातल्या दुकानात जातात. जिन्यात भेटल्या की म्हणतात, अगं, तिथे जरा लवकर मिळतो."

बाई त्या दांडीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी लेन्स पुसायला लागलो. ती मी आधी पुसलेली होती.

"मी काय करू, सांगा," शेवटी बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही ते चारचौघांत बोलला होता. हेही चारचौघांत बोला. मला दारात नको."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "एकदम बरोबर आहे."

पुढच्या रविवारी त्यांच्या सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कावळ्याच्या फोटोच्या मोठ्या प्रती काढून मलाही हजर राहायचा हुकूम होता. आयुष्यातलं माझं ते पहिलं छायाचित्र प्रदर्शन. पाण्याच्या टँकरचा विषय संपल्यावर बाई उठल्या.

"दोन वर्षांपूर्वी मी इथे म्हणाले होते, मी कोणाचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "आज घेते." आणि त्यांनी वरच्या ताईंचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, खणखणीत, निकाल वाचावा तसं. "यांनी माझा एकही हँगर घेतलेला नाही. मी आरोप केला तो खोटा होता. मी त्यांची माफी मागते. ज्यांनी माझं ऐकून त्यांच्याकडे शिवायला टाकणं बंद केलं, त्यांनी आपापलं बघावं."

त्या बसल्या. दोन-तीन बायका आपल्या पदराची टोकं तपासू लागल्या. ताई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी डोळ्याला रुमाल लावला आणि लगेच काढला.

मग पुरुष मंडळींनी प्रश्न सुरू केले, कारण मीटिंग म्हटल्यावर प्रश्न हवेत. एक गृहस्थ म्हणाले, "हा कावळा आपल्याच सोसायटीत येणारा आहे, कशावरून?" दुसरे म्हणाले, घरटं समोरच्या सोसायटीच्या झाडावर असेल तर हँगरची जबाबदारी त्यांची, तसं पत्र द्यावं. चिटणीसांनी मला विचारलं की बाईंच्या गॅलरीचा फोटो काढण्यापूर्वी कमिटीची परवानगी घेतली होती का. मी म्हणालो, कावळ्यानेही घेतली नव्हती. मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. शेवटी पहिल्या रांगेतल्या आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "प्रिंट खराब आली आहे. पुढे राखाडी डाग आहे."

"हो," मी म्हणालो.

मीटिंग संपल्यावर एक शेजारीण ताईंकडे जाऊन काहीतरी बोलली. ताईंनी मोजपट्टी घरी राहिली आहे, उद्या या, असं सांगितलं. पिल्लं उडेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही, असं आमच्या सोसायटीत बायकोने जाहीर करून टाकलं. स्कूटर माझी होती, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

बाईंनी मग मला त्यांच्या गॅलरीत येऊन बसायची परवानगी दिली. तिथून झाड अगदी हाताशी, आणि मागे टॉवेल नाही, परकर नाही, नुसती आमची रिकामी गॅलरी. पहिल्याच सकाळी धनेश आला आणि कठड्याला टेकलेल्या फांदीवर बसला. मी हात लांबवला असता तर चोचीला लागला असता. मी बटण दाबलं. लेन्स घर्रघर्र करत पुढे-मागे झाली आणि थांबली. इतकी लांब लेन्स इतक्या जवळचं बघू शकत नाही, हे दुकानातल्या त्या मुलीने मला बहुतेक सांगितलं होतं. मी ऐकलं नसणार. माझ्यावर कोणीतरी विश्वास दाखवल्याच्या आनंदात होतो.

मी ट्रायपॉड उचलून एक पाऊल मागे सरकलो. घर्र. आणखी मागे. हॉलमध्ये आलो. वरच्या ताई बाईंच्या ब्लाउजचं माप घ्यायला आल्या होत्या, त्यांनी पाय वर घेतले. बाईंनी टीपॉय ओढून वाट करून दिली. मी मागे मागे जात स्वयंपाकघरात शिरलो, पाठ फ्रिजला आपटली, वरची बरणी हलली, आणि तिथे कुठे लेन्सचं समाधान झालं. हॉलमधून, गॅलरीच्या दारातून, धनेश दिसला. त्याचा डोळा दिसला. त्या डोळ्याला पापण्या होत्या! लांब, काळ्या, कोणी काजळ घालून पाठवल्यासारख्या. पक्ष्याला पापण्या असतात हे मला माहीतच नव्हतं. मी बटण दाबलं आणि दाबून धरायचंही विसरलो. एकच फोटो निघाला.

तो मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "नेटवरून घेतलात का?" इतकी मोठी दाद मला ना त्याआधी मिळाली, ना त्यानंतर.

बाई आणि वरच्या ताई आता बोलतात. फार गोडीगुलाबीने बोलतात असं नाही. ताई माप घ्यायला येतात, मग चहा होतो, आणि दोघींना गॅलरीत बसून झाडावर कोण येतं ते बघायची सवय लागली आहे. त्यातून नवीनच भानगड सुरू झाली. परवा सकाळी बाईंचा फोन आला. "ताबडतोब या. एका वादाचा निकाल द्यायचा आहे."

मी कॅमेरा न घेताच धावलो. उंबरावर पानांच्या दाटीत एक ठिपक्याठिपक्यांचा पक्षी बसला होता. बाईंचं म्हणणं, ती कोकिळा. ताईंचं म्हणणं, घुबडाचं पिल्लू, कारण तो मान फिरवून बघतो.

"मान सगळेच फिरवतात," बाई म्हणाल्या. "मीही फिरवते."

"कोकिळा असती तर ओरडली असती, बाई."

"ती मादी आहे. मादी तशी ओरडत नाही."

"हे कोण म्हणतं?"

दोघी माझ्याकडे वळल्या. मला काही कळत नव्हतं. पण मी भुवया जवळ घेतल्या, पुढे वाकून निरीक्षण केलं आणि अधिकारवाणीने म्हणालो, "तांबट असावा." तेव्हा त्या दोघी इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकमताने म्हणाल्या, "छे!" त्या आवाजाने पक्षी उडाला. मग तो का उडाला यावर वाद सुरू झाला, आणि उपमा आल्यावर थांबला.

घरी परत आलो तेव्हा बायको आमच्या गॅलरीत लेन्सला डोळा लावून बसली होती.

"पाहिला का तू?" मी विचारलं. "कोणता होता?"

"मला का माहीत जी," ती म्हणाली. "मी तुम्हा तिघांना पाहून राहिली होती."